परत ऑफिस सुरू होतंय, जुने कपडे नीट बसत नाहीयेत – नवीन घ्यावेत की आहेत तेच दुरुस्त करावेत?

निळीछत्री

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं घरून काम करत होते, पुढच्या महिन्यापासून रोज ऑफिसला जायचंय आणि क्लायंटसमोर बसायचं काम आहे. कपाट उघडलं तर हँगरवर जागा नाही इतके कपडे, पण घालून बघायला लागले तर एकही धड बसत नाहीये. शर्ट छातीवर ताणला जातो आणि दोन बटणांच्या मधे फट पडते, तोच शर्ट कमरेपाशी मात्र ढगळ. ट्राउझर कमरेत होते पण खाली बसलं की मागून सरकते. एक ब्लेझर आहे, कापड फार छान आहे त्याचं, तो खांद्यावरून उतरल्यासारखा दिसतो. वजन थोडं वाढलंय पण तेवढंच नाहीये, बाळंतपणानंतर शरीराची ठेवणच बदललीय.

मैत्रिणी म्हणतात सगळं देऊन टाक आणि नवीन घे. मला ते पटत नाही, खर्च तर आहेच पण नेमकं काय चुकतंय हेच कळत नसेल तर नवीन घेताना पण मी परत तसलेच कपडे उचलणार ना. व्हिडिओ बघितले तर प्रत्येक जण आधी तुमच्या शरीराचा आकार कुठला ते ओळखा म्हणतो आणि मी दोन-तीन प्रकारांत बसते, म्हणजे तिथेच गाडी अडली.

दुसरं म्हणजे घाम खूप येतो, पांढऱ्या शर्टांना काखेत पिवळे डाग पडलेत ते जात नाहीत. मेकअप मी फारसा करत नाही आणि करायचाही नाहीये, पण नीटनेटकं दिसायला कमीत कमी काय करावं? कुणी जाणकार असेल तर सांगा, प्लीज.

काजबटण

ताई, काहीही देऊन टाकू नका एवढ्यात. मी पर्सनल स्टायलिस्ट आहे आणि माझं बरंचसं काम लोकांच्या घरी त्यांच्याच कपाटासमोर उभं राहून होतं, दुकानात नाही. त्यातून एक ठाम मत झालंय की बहुतेक लोकांना नवीन कपड्यांपेक्षा एका चांगल्या टेलरची गरज जास्त असते.

अर्धं निदान तर तुम्हीच केलंय. छातीवर ताण आणि कमरेला ढगळ म्हणजे साइझपेक्षा कटचा प्रश्न आहे. रेडीमेड कपडे छाती, कंबर आणि नितंब यांच्यात ठरावीक फरक धरून बेतलेले असतात, तुमच्या अंगात तो फरक वेगळा आहे, बस इतकंच. अशा वेळी जो भाग सगळ्यात रुंद त्याच्या मापाने कपडा घ्यायचा आणि बाकीचा आत घ्यायचा. ढगळ कपडा आत घेणं हे टेलरचं रोजचं काम आहे, पण घट्ट कपडा सैल करायला आत कापडच शिल्लक नसतं, शिवण उलटून बघा, रेडीमेडमधे मार्जिन जेमतेम असतं. ते शरीराच्या आकाराचे प्रकार सोडून द्या आता, तुमच्याकडे तुमची खरी मापं आहेत, त्यांचा उपयोग जास्त.

एक करा, दिवसा खिडकीजवळ आरसा ठेवा आणि एकेक कपडा घालून बघा. सगळ्यात आधी खांदा. शिवण खांद्याच्या हाडाच्या टोकावर यायला हवी, दंडावर उतरली तर मोठा, मानेकडे चढली तर लहान. खांदा बसला की बाकी बहुतेक सगळं जमवता येतं म्हणून सुरुवात तिथून. मग चुण्या बघा. बटणापासून दोन्ही बाजूंना आडव्या फाकणाऱ्या चुण्या म्हणजे तिथे कापड कमी पडतंय, उभ्या लोंबणाऱ्या घड्या म्हणजे कापड जास्त झालंय. मग दोन्ही हात वर करा, सगळा शर्टच पोटापर्यंत वर उचलला गेला तर मुंढा, म्हणजे बाही जोडतात ती जागा, फार खाली आहे, असा शर्ट दिवसभर त्रास देणार कारण मोठा मुंढा मोकळा वाटतो खरा पण हात हलवला की कपड्याला सोबत घेऊन जातो. आणि शेवटी खुर्चीत बसा, पुढे वाका, मोबाइल कानाला लावा. उभं राहून छान दिसणारे निम्मे कपडे इथे उघडे पडतात, आणि ऑफिसात आपण बसलेलोच असतो.

तुमच्या शर्टाचं म्हणाल तर ताण थोडाच असेल तर फट पडते तिथे दोन बटणांच्या मधे आतून छोटं टिचबटण लावून घ्या, बाहेरून काहीही दिसत नाही. कमरेला मागून दोन उभे टक्स, म्हणजे कापड आत दुमडून घातलेल्या शिवणी, घालायला सांगा. मात्र त्याआधी एक काम, आणि हे फार महत्त्वाचं आहे, आतली ब्रा आधी नीट मापाची घ्या आणि मगच टेलरकडे जा. आधार पट्ट्यांनी द्यायचा नसतो, खालच्या बँडने द्यायचा असतो, तो पाठीवर आडवा सरळ राहिला पाहिजे, वर चढत असेल तर सैल आहे. नवीन असताना सगळ्यात बाहेरच्या हुकवर बसायला हवी म्हणजे इलॅस्टिक सैल पडत जाईल तसं आत सरकता येतं. बाळंतपणानंतर माप बदलतंच आणि बऱ्याच जणी जुन्याच मापावर असतात, इथे फरक पडला की शर्टाची फट कधी कधी आपोआप मिटते.

ट्राउझर बसल्यावर सरकते म्हणजे मागची उंची तुम्हाला कमी पडतेय. उभ्या असताना कमरेमागे मूठ जाईल एवढी पोकळी राहत असेल तर मागच्या मधल्या शिवणीतून आत घेता येईल. पण पोकळी नसूनही सरकत असेल तर ती दुरुस्त होणार नाही, ती बाजूला काढा आणि पुढची घेताना कमरेला उंच असलेलीच घ्या.

ब्लेझरचा खांदा हे अवघड काम. बाही उसवून, खांदा कापून परत बाही चढवावी लागते, अस्तर पण उघडावं लागतं. किंचित मोकळा असेल तर आतला पॅड थोडा जाड घालून भागतं. बाही लांब असेल, कंबर ढगळ असेल ते सहज होतं. बाही मनगटाच्या हाडापर्यंत यावी, आत शर्ट असेल तर कफ साधारण 1 सेंटिमीटर बाहेर दिसावा.

आणि हो, सुती किंवा व्हिस्कोसचा नवीन कपडा अल्टरला द्यायच्या आधी एक-दोनदा धुवून घ्या. कापड तयार होताना त्याच्यावर ताण असतो, पाण्यात तो सुटतो आणि कपडा आटतो, सगळ्यात जास्त आटतो तो पहिल्या धुण्यांतच. आधी उंची कमी केली आणि मग आटला तर ट्राउझर घोट्याच्या वर येऊन बसते.

रंगाचं थोडक्यात. चेहऱ्याजवळ जो रंग येतो तो चेहऱ्याचा रंग बदलून दाखवतो, ही निव्वळ समजूत नाही. पॅरिसच्या गोबलँ या भिंतीवर टांगायची विणलेली चित्रं बनवणाऱ्या कारखान्यात शेवरल नावाचा रसायनशास्त्रज्ञ रंगाईचा प्रमुख होता, त्याच्याकडे तक्रार आली की निळ्या-जांभळ्या कापडातला काळा रंग फिका दिसतो. त्याने तपासलं तर रंगात काहीच खोट नव्हती, शेजारच्या रंगामुळे डोळ्याला तसं दिसत होतं, त्यावरून त्याने 1839 साली आपला नियम मांडला. म्हणून शर्ट किंवा टॉप घेताना तो गळ्याशी धरून दिवसाच्या उजेडात बघा. डोळ्याखालची काळी वर्तुळं गडद वाटली, चेहरा थकलेला वाटला तर तो रंग ट्राउझरला वापरा, गळ्यापाशी नको. स्कार्फने पण काम होतं.

बाकी नीटनेटकेपणाचं रात्री लिहिते, आत्ता निघायचंय.

धुवट_पांढरा

काजबटण यांनी फार छान लिहिलंय. डागांचं मी सांगतो, माझं काम कपडे धुण्याच्या धंद्यातलं आहे आणि काखेतले पिवळे डाग हा आमच्याकडचा रोजचा विषय.

ते डाग नुसत्या घामाचे नसतात. घामरोधक रोल-ऑनमधे अॅल्युमिनियमचे क्षार असतात, ते आणि घाम आणि अंगाचं तेल मिळून तो पिवळा कडक थर धरतो, हात लावला तर कापड तिथे पुठ्ठ्यासारखं लागतं बघा. यावर लोक हमखास क्लोरीनवालं ब्लीच ओततात आणि डाग अजून पिवळा होतो. क्लोरीन नको. ऑक्सिजन ब्लीच मिळतं, पावडर असते, सोडियम परकार्बोनेट, ती पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणात कोमट पाण्यात घालून शर्ट काही तास भिजवा, आधी डागावर भांडी घासायचं लिक्विड लावून मऊ ब्रशने आतल्या बाजूने चोळा. जुना डाग एका वेळेत जाणार नाही, परत करा. आणि डाग पूर्ण गेल्याशिवाय इस्त्री किंवा ड्रायर अजिबात नाही, उष्णतेने डाग बसतो तो बसतोच. लोकर आणि रेशमाला ही पावडर चालत नाही, आणि रंगीत कपड्यावर आधी आतल्या शिवणीवर थेंबभर लावून बघा.

परत डाग पडू नये म्हणून रोल-ऑन लावल्यावर पूर्ण सुकू द्या आणि मगच शर्ट चढवा. घाईत ओल्यावरच घालतात सगळे.

वासाचं अजून एक. पॉलिस्टरचे टॉप धुतले तरी घातल्यावर तासाभरात परत वास येतो असं खूप जण सांगतात, तो भ्रम नाही. 2014 मधे गेंट विद्यापीठाच्या लोकांनी व्यायामानंतरचे सुती आणि पॉलिस्टरचे टी-शर्ट ठेवून तपासले होते, पॉलिस्टरचा वास जास्त उग्र निघाला आणि वास करणारे काही जिवाणू त्याच्यावर जास्त वाढलेले होते. घाम जास्त असेल तर अंगाला लागून जो कपडा असतो तो सुती ठेवा. आणि व्यायामाच्या कपड्यांना फॅब्रिक कंडिशनर घालू नका, त्याचा थर बसतो आणि कापड घाम ओढेनासं होतं, टॉवेलचंही तेच.

इस्त्रीच्या ठिपक्यांकडे पण बघत जा, लेबलवर एक ठिपका म्हणजे साधारण 110 अंश, दोन म्हणजे 150, तीन म्हणजे 200. चमक आलेल्या काळ्या ट्राउझरी येतात ना, त्या बहुतेक वेळा जास्त गरम इस्त्री सुलट बाजूने फिरवल्याने झालेल्या असतात. उलट करून करा नाहीतर वरून पातळ सुती कापड टाका.

पाऊलवाट

एवढं सगळं कशाला, सरळ काळी ट्राउझर, काळा टॉप, काळे शूज. काळा सगळ्यांना शोभतो आणि विचार करावा लागत नाही. मी तर वर्षानुवर्षं हेच करते.

काजबटण

पाऊलवाट, तुम्हाला जमतंय तर बदलू नका, रोज विचार न करता तयार होता येणं ही मोठी सोय आहे आणि ती मी कुणाच्या हातून काढून घेणार नाही. पण सगळ्यांना शोभतो हे मला मान्य नाही. काळा वारंवार धुतल्यावर फिका पडतो आणि प्रत्येक कपड्याचा वेगवेगळा पडतो, एक तपकिरीकडे झुकतो, एक राखाडीकडे, मग घरातल्या दिव्याखाली जुळलेली काळी ट्राउझर आणि काळा ब्लेझर बाहेर उन्हात गेल्यावर दोन वेगळे रंग दिसतात. शिवाय पांढरा धागा, केस, कोंडा सगळं उठून दिसतं. ज्याला एकच गडद रंग धरायचा आहे त्याला मी गडद निळा सुचवते, चेहऱ्याला काळ्यापेक्षा सौम्य असतो आणि पांढरा, राखाडी, तपकिरी, फिकट गुलाबी कशाबरोबरही जातो. काळे कपडे असतीलच तर उलटे करून गार पाण्यात धुवा आणि सावलीत वाळवा.

निळीछत्री, आता राहिलेलं. मेकअपशिवाय नीटनेटकं दिसायला चार ठिकाणं सांभाळा: केस, नखं, पायातले शूज आणि चेहऱ्याची त्वचा. समोरच्याची नजर तिथेच जाते. केस महाग ट्रीटमेंटचे असायची गरज नाही, पण कापायची वेळ टळू देऊ नका, आणि कट असा मागा की जो तुम्हाला सकाळी स्वतःला जमेल, पार्लरमधे ड्रायर फिरवून दिसतो तो नको. रंग लावत असाल तर दर वेळी 48 तास आधी थोडा त्वचेवर लावून बघायचा, आधी कधी त्रास झाला नसला तरीसुद्धा, केसांच्या डायची अॅलर्जी अनेक वर्षं वापरल्यानंतरही सुरू होऊ शकते. नखं लहान, कडा घासलेल्या, नेलपेंट नसलेलं चालतं पण अर्धवट उडालेलं नको.

त्वचेला रात्री धुणं, मॉइश्चरायझर आणि दिवसा सनस्क्रीन, एवढंच नियमित करा. एसपीएफ 30 त्वचा भाजवणाऱ्या यूव्हीबी किरणांपैकी साधारण 97 टक्के अडवतो आणि 50 साधारण 98, म्हणजे आकड्यामागे धावण्यापेक्षा पुरेसं लावणं महत्त्वाचं, चेहरा आणि मान मिळून दोन बोटांवर लांब रेघ येईल एवढं, आणि उन्हात असाल तर दर दोन तासांनी परत.

घामाचं म्हणाल तर डिओ आणि अँटीपर्स्पिरंट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डिओ फक्त वास सांभाळतो, घाम तेवढाच येतो. घाम कमी करायचा असेल तर लेबलवर अँटीपर्स्पिरंट लिहिलेलं घ्या आणि ते रात्री झोपताना कोरड्या त्वचेवर लावा, रात्री घाम कमी असतो त्यामुळे ते घामाच्या छिद्रात नीट बसतं, सकाळी अंघोळ केली तरी परिणाम राहतो. सकाळी घाईत भिजल्या काखेवर लावून ते वाहूनच जातं. आणि तरीही शर्ट भिजून जात असेल तर डॉक्टरांना दाखवा, जास्त घामावर चांगले उपचार आहेत, संकोच करू नका.

पांढऱ्या शर्टाखाली पांढरी ब्रा दिसते, तुमच्या त्वचेच्या रंगाची घ्या, ती दिसत नाही. हे खूप जणींना सांगेपर्यंत खरं वाटत नाही.

सांजवारा

पुरुषांसाठी पण दोन ओळी लिहा ना. कॉलर गळ्याला आवळते म्हणून मी वरचं बटण कधी लावत नाही, आणि दाढी ठेवलीय पण फोटोत हनुवटी दिसतच नाही, मान आणि दाढी एकच वाटतं. दाढी केली की मानेवर पुरळ येतं ते वेगळंच.

काजबटण

कॉलरला वरचं बटण लावून आत दोन बोटं सहज गेली पाहिजेत, एकच जात असेल तर शर्ट गळ्याला लहान आहे आणि ते दुरुस्त होत नाही फारसं, पुढचा शर्ट गळ्याच्या मापाने घ्या आणि अंगाला ढगळ झाला तर बाजूने आत घ्या. ताईंना सांगितलं तेच तत्त्व. बटण सोडूनच वापरायचा असेल तर कॉलरची पट्टी ताठ असलेला शर्ट बघा, मऊ कॉलर ब्लेझरखाली दबून जाते. ब्लेझरचं सगळ्यात खालचं बटण उघडंच ठेवायचं, तो शिवतानाच तसा धरून शिवतात.

दाढीचं तुम्ही अचूक ओळखलंय. खालची रेघ कुठे संपते यावर सगळं आहे. कंठाच्या उंचवट्यावर दोन बोटं आडवी ठेवा, त्यांच्या वर रेघ यायला हवी, तिथून दोन्ही कानांमागे वळत जाणारी. त्याखालचं सगळं साफ. बरेच जण ती रेघ थेट जबड्याच्या हाडावर आणतात, तेही चुकीचं, मग बोललं की खालची मोकळी त्वचा लोंबल्यासारखी दिसते.

पुरळ येतं त्याला अंघोळीनंतर दाढी करा, केस पाण्याने मऊ झालेले असतात. आधी हाताने चाचपून बघा केस कुठल्या दिशेला वाढतात, मानेवर ते बऱ्याचदा आडवे किंवा वरच्या दिशेला असतात, आणि त्याच दिशेने रेझर फिरवा, उलटा नको. दाबू नका, ब्लेड बोथट वाटायला लागलं की लगेच बदला. पुरळ असताना परत त्यावरून फिरवू नका, दोन दिवस ट्रिमरने भागवा. चामड्याचे शूज असतील तर तेच रोज घालू नका, मधे एक दिवस सोडा, आतला घाम सुकायला तेवढा वेळ लागतो, त्याने वासही कमी होतो आणि चामडंही टिकतं.

निळीछत्री

किती सविस्तर लिहिलंत सगळ्यांनी, मनापासून आभार. रविवारी सगळं कपाट बाहेर काढलं आणि खिडकीशी उभं राहून एकेक घालून बघितलं. ब्रा खरंच दोन मापांनी चुकीची निघाली, आणि बदलल्यावर दोन शर्टांची फट गेली! बाकीच्यांना टिचबटण आणि टक्स. ट्राउझरच्या मागे मूठ जाते म्हणजे ती वाचली. ऑक्सिजनवाल्या पावडरीने एक शर्ट बराच उजळला, दुसरा अजून भिजतोय.

आता दोन शंका. ब्लेझरच्या खांद्याची शिवण साधारण दोन बोटं खाली येते, तो पॅडने होईल का? आणि टेलरकडे काय काय घेऊन जाऊ, मला नीट सांगता येत नाही, तो विचारतो किती कमी करू आणि मी म्हणते तुम्हीच बघा, आणि मग परत येतं ते काहीतरी भलतंच असतं.

काजबटण

दोन बोटं म्हणजे जास्तच झालं ताई, पॅडने होणार नाही. कापड खरंच आवडतं असेल आणि कोट शिवणारा अनुभवी माणूस मिळत असेल तरच ते काम द्या, साधं अल्टर करणाऱ्याकडे नको, बाही परत चढवताना मुंढ्यावर चुण्या राहिल्या तर ब्लेझर कायमचा गेला. तसा माणूस नसेल तर तो ऑफिससाठी धरू नका, पातळ स्वेटरवर थंडीत सैलसर कोट म्हणून वापरा, त्या जागी खांद्याची शिवण खाली असलेली चालते. ऑफिससाठी ब्लेझर घ्यायचा झालाच तर फक्त खांदा बघून घ्या, पुढून बटण लागतंय ना एवढं तपासा, कंबर आणि बाही नंतर करून घेऊ.

टेलरकडे जाताना ज्या कपड्यांबरोबर तो घालणार तेच आत घालून जा, ट्राउझर असेल तर जे शूज घालणार तेच पायात पाहिजेत, टाच बदलली की उंची बदलते. आणि आकडा सांगूच नका. अंगावर घालून उभ्या राहा आणि त्यालाच टाचण्या लावायला सांगा, मग टाचण्या लावलेल्या असतानाच खुर्चीत बसून बघा, हात पुढे करून बघा, ओढल्यासारखं वाटलं तर तिथेच सांगा. टक्स किती घ्यायचे ते बसल्यावर ठरवा, उभं असताना ठरवलेले नेहमी जास्त घट्ट होतात. पहिल्यांदा सगळे कपडे एकदम देऊ नका, एकच शर्ट द्या, तो घरी आणून दिवसभर घाला, धुवा, आणि हात पटला तर मग बाकीचे. शक्यतो कापून टाकू नका, जादा कापड आतच राहू द्या असं सांगून ठेवा, वर्षभरात माप परत बदललं तर उसवता येईल.